झाडलेली वाळू

चैताली : पप्पा, तिकिटं काढून झाली. आता गेटवर भांडू नका, प्लीज.

सुखदेव : भांडत नाही. विचारतोय. समुद्राला दार कधीपासून आलं?

चैताली : समुद्राला नाही, पार्कला. 'सागरवैभव पार्क'. वर एवढी मोठी पाटी आहे.

सुखदेव : वरची वाचली, खालचीसुद्धा वाचली. 'सभ्य वेशातच प्रवेश.' ही चौपाटी आहे, चैतू. माझ्या लहानपणी कोळी लंगोटीवर येऊन बसायचे इथे. समुद्रानं कधी तक्रार केली नाही.

मच्छिंद्र : काका, वाद नगा घालू. नगरपालिकेनं ठेका दिला, आमच्या मालकानं घेतला. मी निस्ता वॉचमन हाय. हितं नाव लिवा, गाव लिवा, फोन नंबर लिवा आन् जावा आत.

सुखदेव : तुम्ही इथले नाही वाटत.

मच्छिंद्र : बीडकडचा हाय, मच्छिंद्र. हितल्या मान्साला ठेकेदार गेटवर ठिवत न्हाई. वळखीच्यास्नी फुकट सोडत्यात म्हनं.

सुखदेव : बघितलंस? विचार करून केलंय सगळं. च्यायला, गावाची चौपाटी आणि गावाचीच भीती.

चैताली : द्या ते रजिस्टर इकडे. चैताली दांडवेकर. सुखदेव दांडवेकर. राहणार कोथरूड, पुणे. हा मोबाइल नंबर. येण्याचं कारण... पर्यटन.

सुखदेव : पर्यटन.

चैताली : मग काय लिहू?

मच्छिंद्र : दांडवेकर? म्हंजी ह्या दांडवे गावचंच की तुमी! मंग जुनं घरदार आसंल हितं. नारळीच्या बागा-बिगा?

सुखदेव : बागा नव्हत्या. खराटा होता. माझी आई इथे—

चैताली : पप्पा, चला. ऊन लागतंय.

सुखदेव : बोलू तरी दे.

चैताली : वॉचमनला काय सांगायचंय त्यात? चला. पायऱ्या जपून उतरा.

सुखदेव : पायऱ्या मला सांगू नकोस. सात आहेत. पाचवीला खळगा आहे, त्यात पाणी साचतं. बघ. बुजवला नाही साल्यांनी.

चैताली : इथे कठड्यावर बसा. सावली आहे. पाणी प्या.

सुखदेव : याला हात लाव आधी. जांभा दगड. उन्हात तापतो आणि दिवे लागेपर्यंत गरम राहतो. डिसेंबरात आम्ही पोरं याच्यावर पोट टेकून पडायचो.

चैताली : छान आहे.

सुखदेव : छान नाही. छान काहीच नव्हतं. गावात तीन विहिरी, एकीवरही आम्हाला चढता येत नव्हतं. हॉटेलात आमची कपबशी बाहेर, वळचणीला खुंटीवर. शाळेत मी दाराजवळ, चपलांच्या शेजारी. पण संध्याकाळी या कठड्यावर बसलो की डावीकडे वकिलाची पोरं, उजवीकडे कोळ्याची, मधे मी. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. शेजारी कोण बसलंय ते बघायला मान वळवावी लागते, आणि सूर्य बुडताना मान कोण वळवतंय? रोजचा अर्धा तास. अख्ख्या दांडव्यात मला तेवढाच मिळायचा.

चैताली : हे कधी सांगितलं नाहीत.

सुखदेव : तू विचारलं नाहीस. तू बारावीत होतीस, मग इंजिनिअरिंग, मग हिंजवडी. विचारायला वेळ कुठे होता? मला तरी सांगायला कुठे होता म्हणा. फॅक्टरी होती, युनियन होती.

चैताली : पप्पा, सकाळी दहाला निघून मी ताम्हिणीच्या खड्ड्यांतून गाडी चालवत आले. तुम्ही काल म्हणालात, आधी दांडव्याला चल, उद्याचं तिथे सांगतो. आलो. बसलो. आता सांगा. उद्या अकरा वाजता शनिवार पेठेत, आयुषच्या घरी, तुम्ही कसे वागणार आहात?

सुखदेव : माणसासारखा.

चैताली : टोमणे नकोत. सरळ सांगा.

सुखदेव : तू सरळ सांग. मला काय काय करायचं नाहीये त्याची यादी पुन्हा एकदा म्हण. वय झालंय, विसरतो.

चैताली : यादी वगैरे काही नाही. दारात नमस्कार म्हणायचं.

सुखदेव : जय भीम नाही.

चैताली : फक्त उद्या. दोन तास. त्यांनी काही गृहीत धरलं असेल तर ते तसंच राहू द्यायचं. दांडवेकर म्हटलं की लोक आपोआप काहीतरी समजतात. आपण खोटं बोलायचं नाहीये, फक्त दुरुस्त करायचं नाहीये.

सुखदेव : आणि आजीचं विचारलं तर? कोकणात काय करायच्या म्हणून?

चैताली : आयुषने सांगितलंय घरी... की शाळेत होत्या.

सुखदेव : शाळेत.

चैताली : त्याने सांगितलं, मी नाही.

सुखदेव : अगदीच खोटं नाही ते. माझी बय शाळेत गेली होती एकदा. मास्तरनं मला छडीनं फोडलं होतं तेव्हा. दाराबाहेर उभी राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरून आली. तेवढीच तिची नोकरी.

चैताली : हसू येत नाहीये मला.

सुखदेव : मलाही नाही. आयुषला खरं माहितीये ना?

चैताली : सगळं माहितीये. पहिल्या दिवसापासून. त्याला काही फरक पडत नाही.

सुखदेव : त्याला फरक पडत नाही, तुला पडत नाही, मला पडत नाही. मग लपवायचं कोणासाठी? कुत्र्यासाठी?

चैताली : त्याच्या आईसाठी. तिला बीपी आहे. तो म्हणतो, एकदा लग्न होऊ दे, तिला माझी सवय होऊ दे, मग हळूहळू सांगू.

सुखदेव : हळूहळू. म्हणजे बाळंतपणानंतर.

चैताली : पप्पा!

सुखदेव : काय पप्पा? हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो काल तू उतरवलास. का?

चैताली : रंग द्यायचाय भिंतीला.

सुखदेव : शेजारचं घड्याळ तसंच आहे. कॅलेंडर तसंच आहे. रंग काय एकट्या बाबासाहेबांच्या मागे देणार आहेस? जाऊन बघ, भिंतीवर स्वच्छ चौकोन राहिलाय. फोटो होता तेव्हा येणाऱ्याचं लक्ष जायचं नाही. आता घरात शिरल्या शिरल्या तोच दिसतो.

चैताली : ते लोक पुढच्या रविवारी आपल्याकडे येणार आहेत. मी काय करू?

सुखदेव : चौकोनावर काय टांगणार? गणपती?

चैताली : तुम्हाला सोपं आहे हो. फार सोपं आहे. तुम्ही दापोडीच्या चाळीत जय भीम म्हणालात की वीस दारांतून वीस जण उत्तर द्यायचे. फॅक्टरीत युनियन पाठीशी. कोणी वाकडं बोललं की शंभर माणसं गेटवर. माझ्या मजल्यावर दीडशे लोक बसतात, पप्पा. त्यांत आपलं कोण आहे मला माहीत नाही. असेल कोणी तर तोही माझ्यासारखाच गप्प बसलाय. आम्ही एकमेकांना ओळखतसुद्धा नाही.

सुखदेव : तू तर म्हणायचीस, कॉम्प्युटरच्या धंद्यात जात नाही विचारत कोणी.

चैताली : नाहीच विचारत. डबा उघडला की विचारतात, तुमच्यात हे असं करतात का? आरक्षणाचा विषय निघाला की माझ्याकडे बघून बोलतात, कारण त्यांना वाटतं मी त्यांच्यातली आहे. मी मान डोलावते. माझी टीम लीडची जागा, माझं अप्रेझल, तीन वर्षांची रात्रपाळी... एका वाक्याने ते सगळं 'कोट्यातलं' होईल. तिथे कोटा नाहीये तरी होईल. फ्लॅट बघताना एजंट काय म्हणाला आठवतंय? 'दांडवेकर ना, मग काही प्रॉब्लेम नाही, सोसायटी चांगल्या लोकांची आहे.' तुम्ही होतात तिथे. तुम्ही तरी दुरुस्त केलंत का?

सुखदेव : ...नाही.

चैताली : का नाही?

सुखदेव : तुला फ्लॅट आवडला होता. गॅलरीतून टेकडी दिसत होती.

चैताली : मग? मला आयुष पण आवडलाय.

मच्छिंद्र : ओ म्याडम, ती पिवळी दोरी बांधलीय ना, त्याच्या फुडं जाऊ नगा हां. तिकडची वाळू सारखी केलीय. पाच वाजता पार्टी हाय, पुन्याच्या कंपनीची. दोनशे मान्सं. खुर्च्या, मंडप, गानीबजावनी.

सुखदेव : तुझी कंपनी?

चैताली : नाही. दुसरी. आम्ही मागच्या वर्षी अशाच एका बीचवर गेलो होतो. सकाळी उठले तर वाळूवर नुसत्या रेषा होत्या, एकसारख्या, शेवटपर्यंत. मी फोटो काढले होते.

मच्छिंद्र : तसंच पायजे सायबाला. चंपाबाई करून गेली दुपारच्याला. म्हातारी हाय पन हात लई साफ. उलटी चालती आन् खराटा वडती, उलटी चालती आन् वडती. सोताचं पाऊल बी उरू देत न्हाई. एकांदं दिसलं की सायब हजेरी मांडत न्हाई तिची.

सुखदेव : काय म्हणालात?

मच्छिंद्र : हजेरी मांडत न्हाई.

सुखदेव : त्याच्या आधी.

मच्छिंद्र : उलटी चालती म्हन्लं. हितली जुनी पद्धतच हाय म्हनं ती. बरं, मी गेटवर हाय. फोन करायचा तर हितनंच करा, कठड्यापाशी चांगली रेंज असती. गेटवर बोंब.

चैताली : पप्पा? काय झालं? ... पप्पा, कुठे चाललात? अहो, ती दोरी आहे! आत्ता सांगून गेला ना तो!

सुखदेव : बय इथे येऊन संपवायची. या टोकाला.

चैताली : बाहेर या. लोक बघतायत.

सुखदेव : बघू देत. तू पण ये. लांबून ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नाही ही. ये, चप्पल काढ.

चैताली : आले. बोला. पण लवकर.

सुखदेव : तुझी आजी गोदाबाई, जी उद्या शाळेत होती, ती नगरपालिकेची झाडणारीण. पहाटे पाचला यायची. शेंगांची टरफलं, द्रोण, शेण, रात्री लोक करून गेलेली घाण, ते सगळं आधी गोळा करायचं. मग खरं काम. अख्खी वाळू खराट्यानं ओढायची आणि आपण उलटं चालायचं. पाऊल पडलं की त्याच्यावरून खराटा. शेवटी त्या सातव्या पायरीवर येऊन थांबायचं. समोर बघितलं तर वाळू कोरी. इथे कोणी आलंच नव्हतं.

चैताली : पण का?

सुखदेव : सात वाजता मामलेदार, वकील, डॉक्टर फिरायला यायचे. वाळूवर पहिलं पाऊल त्यांचं पडलं पाहिजे. मुकादमाचा नियम. तू उद्या शनिवार पेठेत जाणार ना? त्याच पुण्यात आपल्या माणसांना कमरेला फांदी बांधून चालायला लावायचे, मागची पावलं पुसली जावीत म्हणून.

चैताली : दोनशे वर्षांपूर्वीचं नका काढू पप्पा. पेशवाईतलं माझ्या अंगावर कशाला?

सुखदेव : मी छप्पन सालचं सांगतोय. आणि तो वॉचमन आज दुपारचं सांगून गेला. छप्पनच्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. वाण्याच्या दुकानातल्या रेडिओवर कळलं. आमच्या वाडीतली माणसं मिळेल त्या लाँचनं मुंबईला गेली, बय पण गेली. सुट्टी मागितली नाही, कोणाला विचारलं नाही. दादरच्या चौपाटीवर, वाळूतच अग्नी दिला त्यांना. तिथेच हजारो लोकांबरोबर उभं राहून तिनं दीक्षा घेतली. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा रडत नव्हती. एकच गोष्ट सारखी सांगत होती. 'सुकदेवा, वाळू दिसत नव्हती रे. नुसती पावलं. आणि कोणी पुसत नव्हतं.'

चैताली : मग?

सुखदेव : दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर आली, मला घेऊन. सगळी घाण उचलली. खराटा घेतला आणि समुद्राकडे तोंड करून सरळ चालायला लागली. पुढे झाडत, मागे पावलं सोडत. या टोकापासून पार त्या खडकापर्यंत. पाय मोठे होते तिचे. एवढाले ठसे. मी सातव्या पायरीवर बसून बघत होतो. दहा वर्षांचा. मला वाटलं, अरे, हे चालतं? मग सायकलची घंटा वाजली. मुकादम.

चैताली : आणि त्याने आजीला काढून टाकलं. पोटासाठी पुण्याला आलो, पोटासाठी आलो, म्हणता ते हे आहे तर.

सुखदेव : नाही काढलं.

चैताली : नाही?

सुखदेव : काढायला त्याला काही दिसलंच नाही. घंटा ऐकली आणि मी उठलो. दुसरा खराटा कठड्याला लावलेला होता. तो घेतला आणि पळत त्या खडकापर्यंत गेलो, तिच्या पावलांच्या कडेकडेनं. मग उलटा चालत आलो. एकूण एक पुसली. माझ्या आईची पावलं, मी. कोणी सांगितलं नव्हतं मला, चैतू. मुकादम अजून सायकलला कुलूप लावत होता.

चैताली : पप्पा, तुम्ही दहा वर्षांचे होतात.

सुखदेव : पुढचं ऐक. मुकादम आला. कोरी वाळू बघितली, माझ्या हातातला खराटा बघितला. छत्रीच्या टोकानं माझी पाठ थोपटली, हात न लावता, आणि म्हणाला, 'गोदे, पोरगं शहाणं निघालं तुझं.' मला बरं वाटलं. पन्नास वर्षं हे कोणाला सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही. बरं वाटलं मला तेव्हा.

चैताली : आणि आजी?

सुखदेव : तिनं खराटा कठड्याला टेकवला. मारलं नाही, शिवी दिली नाही. म्हणाली, 'माझी पुसलीस ती पुसलीस. तुझी कुठायत?' मी मागे बघितलं. माझी पण नव्हती. उलटा चाललो होतो ना. चौथ्या दिवशी आम्ही पुण्यात. नानापेठेत शाळेत नाव घालताना मास्तरनं आडनाव विचारलं. ती म्हणाली, जात सांगणार नाही, गाव सांगते. दांडवे. त्यानं लिहिलं दांडवेकर. चांगल्या सोसायटीत फ्लॅट मिळावा म्हणून नव्हतं घेतलं तिनं ते नाव. ज्या गावात आपलं एक पाऊल राहू दिलं नाही, ते गाव पोराच्या दाखल्यावर चढवलं तिनं.

चैताली : हे सांगायला इथपर्यंत आणलंत?

सुखदेव : घरात सांगता आलं नसतं. त्या चौकोनासमोर बसून तर नाहीच. आता तुझं उत्तर. दुसऱ्यांदा माझ्याच्यानं ते होणार नाही. तू लग्न कर. चांगला पोरगा असेल तर खुशाल कर. मी उद्या येत नाही. सांग, बाप आजारी आहे.

चैताली : वा.

सुखदेव : काय वा?

चैताली : ग्रेट उत्तर आहे. म्हणजे मी एकटी जाऊन बसायचं, हसायचं, आजी शाळेत होती म्हणायचं, आणि वर बाप आजारी आहे हे आणखी एक खोटं. तुम्ही घरी, हात स्वच्छ. पुसायचं काम तेवढं माझं. पप्पा, तुम्ही त्या दिवशी पायरीवरून उठलात ते चूक असेल. पण आज तुम्ही पायरीवर बसूनच राहायचं म्हणताय, हे कुठे बरोबर आहे?

सुखदेव : ...तोंड तुझ्या आजीचं घेतलंयस.

चैताली : कौतुक नको. उत्तर द्या.

मच्छिंद्र : आरारारा! काय केलं हे? काका! सांगून गेलो हुतो ना! सगळी वाळू तुडवली की! चार वाजाय आले, पाचला सायब येतोय.

सुखदेव : चुकलं माझं. लक्षात आलं नाही.

मच्छिंद्र : तुमचं काय जातंय? तुमी जाल गाडीत बसून. चंपाबाई घरी गेली. सायब म्हननार, म्हातारीनं काम अर्धं टाकलं. आजचा तिचा खाडा मांडत्याल. मागल्या म्हयन्यात एक कुत्रं गेलं हितनं, तवाबी तिचाच खाडा मांडला.

सुखदेव : कुत्र्याच्या पावलांचा खाडा तिला?

मच्छिंद्र : कुत्र्याला कुठनं मांडनार?

सुखदेव : द्या तो खराटा. कुठे आहे? द्या, मी करून देतो. येतं मला.

चैताली : पप्पा, नाही.

सुखदेव : बाजूला हो. त्या बाईची हजेरी जाईल. माझ्या पावलांपायी तिनं का भरायचं? पन्नास वर्षं झाली तरी हात विसरत नाहीत. बघ. असं धरायचं, आणि असं मागे—

चैताली : नाही म्हटलं ना. तुम्ही उलटं चालणार नाही. द्या इकडे. द्या म्हणते!

सुखदेव : अगं...

चैताली : हा इथे टेकवला कठड्याला. मच्छिंद्र, रजिस्टर आणा तुमचं.

मच्छिंद्र : कशाला?

चैताली : साहेबांनी विचारलं तर दाखवायला. लिहून देते मी. 'दोरीपलीकडची पावलं माझी आणि माझ्या वडिलांची आहेत. चंपाबाईंनी काम पूर्ण केलं होतं.' खाली सही. चंपाबाईंचा खाडा मांडला तर मी सोमवारी नगरपालिकेत अर्ज घेऊन उभी राहीन, हेही सांगा.

मच्छिंद्र : आन् मला काय म्हनंल त्यो?

चैताली : सांगा, पुण्याची बाई होती, ऐकत नव्हती. पटेल त्याला.

मच्छिंद्र : ते पटंल. फोन नंबर खरा हाय का पन? लोक खोटा बी लिवत्यात.

चैताली : खरा आहे. तेवढंच खरं लिहिलं होतं मी. 'पर्यटन' खोडते.

मच्छिंद्र : मंग कारनाच्या खान्यात काय?

चैताली : 'आजी इथे झाडायला होती. तिची जागा बघायला आलो.' हं. घ्या.

मच्छिंद्र : आसं व्हय? मगाशीच सांगायचं की. तिकीट तरी वाचलं असतं.

सुखदेव : वाचलं नसतं हो. ओळखीच्यांना फुकट सोडत नाहीत ना तुमच्यात.

मच्छिंद्र : त्ये बी खरं. बसा तुमी. पार्टीची मान्सं येस्तोवर बसा.

(दोघं कठड्यावर बसतात. मग चैतालीचा मोबाइल वाजतो.)

सुखदेव : आयुष?

चैताली : हो.

सुखदेव : मी जरा लांब जातो. बोल तू.

चैताली : बसा. कुठे जाऊ नका. ... हं, बोल आयुष. ... हो, दांडव्यालाच आहे. कठड्यावर बसलोय. ... काकूंनी काय विचारलंय? ... कुलदैवत. ... नाही, मी नाही शोधून ठेवणार आता. ऐक ना. उद्या मी सांगणार आहे त्यांना. पोहे यायच्या आधी. ... सगळं. आजी शाळेत नव्हती हेसुद्धा. ... हो, पप्पा येणार आहेत. येणार आहेत ते. दारात जे म्हणतात तेच म्हणतील. ... माहितीये मला, बीपी आहे. ... नाही रे, कोणी माझं डोकं फिरवलेलं नाही. ... तू काहीच बोलू नकोस. माझी बाजू घे, आईला समजाव, असं काही म्हणत नाहीये मी. मी सांगत असेन तेवढा वेळ फक्त माझ्या शेजारी येऊन बस. समोर नको, आईजवळ नको. माझ्या शेजारी. बसशील ना? ... आयुष? ... हॅलो?

सुखदेव : रेंज गेली असेल. समुद्राजवळ जाते अशी.

चैताली : नाही पप्पा. रेंज आहे.